लेकरांना ‘तुम्ही’ म्हणणारे ठाणेदार

आमच्या ठाणेदार साहेबांना लहान मुलं आवडत नसत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कोणाचाही समज होईल की माणूस मोठा प्रेमळ होता. अजिबात नव्हता. ठाण्यामागच्या पोलीस लाइनीत पोरं क्रिकेट खेळायला लागली की साहेब खिडकी धाडकन लावून घेत. कोणाच्या बारशाला गेले तर पाळण्याकडं न बघता जेवून परत येत. माझी मुलगी चार वर्षांची असताना मी तिला एकदा ठाण्यात घेऊन गेले होते. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “नमस्कार. बसा.” मुलीनं मागं वळून पाहिलं, आपल्या मागं कोण मोठं माणूस आलंय म्हणून. तोपर्यंत साहेबांनी फायलीत डोकं घातलेलं.

ही त्यांची पहिली खोड. लहान मुलांना ‘तुम्ही’ आणि बाकी सगळ्या जगाला ‘तू’. सरपंचाला तू, पंचायत समितीच्या सभापतीला तू, मला तर काय, “अवं, इकडं ये.” साहेब अकोल्याकडचे, वऱ्हाडी बोलायचे, आणि तेही दगड फेकल्यासारखं. पण समोर दुसरी-तिसरीतलं लेकरू आलं की हाच माणूस शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलायला लागायचा. “तुम्हाला पाणी हवे आहे का? तुम्ही दाराजवळ बसू शकता.” आमचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसायचा. मला हसू यायचं नाही, कारण त्या पुस्तकी मराठीचं झाडीत, म्हणजे आमच्या इकडच्या बोलीत, भाषांतर करायचं काम माझं होतं. पोरगं माझ्याकडं बघायचं, मी म्हणायची, “पानी पायजे का रे, विचारून राहिले साहेब.”

ठाणं तिरोडा तालुक्यातलं, लहानसं. मी तिथं शिपाई. माझं माहेर कामठ्याकडचं, पोवारांचं घर, धानाची शेती. घरात पोवारी, गावात झाडी, बाजारात हिंदी, म्हणून साहेबांनी आल्या आल्या मला उचललं. घरात मारहाण झाली आणि तिथं लेकरू असलं की माझी बाकीची ड्युटी बाजूला. त्या आधी आम्ही अशा घरी जायचो तेव्हा कोणी मारलं आणि कोणाला लागलं एवढंच बघायचो. कोपऱ्यात भांड्यांच्या फळीखाली एखादं पोरगं बसलेलं असतं, त्याच्याकडं कोणाचं लक्ष नसायचं. फार तर मी बिस्किटाचा पुडा द्यायची. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या पिशवीतला पुडा काढून टेबलावर ठेवला.

“हे काय आहे?”

“बिस्किट हाय साहेब. लेकरं बोलत नाही तं...”

“बिस्किटासाठी बोललेलं लेकरू दुसऱ्या बिस्किटासाठी दुसरं बोलते. भूक लागली असेल तं जेवू घाल. बोलायसाठी काही द्यायचं नाही.”

म्हणजे जेवण द्यायचं पण बिस्किट द्यायचं नाही. उचलून घ्यायचं नाही, त्यानं हात पुढं केल्याशिवाय. ‘घाबरू नको’ म्हणायचं नाही, कारण ते घाबरलेलं असतंच आणि आपण त्याला खोटं पाडतो. त्याच्या अगदी समोर बसायचं नाही, बाजूला बसायचं. त्याच्या आणि दाराच्या मधे तर कधीच बसायचं नाही. एकदा मी चुकून दाराकडच्या खुर्चीवर बसले, तर साहेबांनी भर खोलीत, लेकराच्या देखत, बोटानं मला उठवलं. दोन लेकरांची आई आहे मी. मला त्या माणसानं लेकरांजवळ कसं बसायचं ते शिकवावं, ज्यानं स्वतःच्या भाच्याचं नावसुद्धा नीट घेतलेलं मी ऐकलं नाही!

युनिफॉर्मचं आणखी एक होतं. लहान मुलांसमोर वर्दीत जायचं नाही हे नियमातच आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि गडबडीत कोणीच पाळत नाही. साहेब पाळत. त्यांच्या जीपमधे एक निळ्या चौकड्यांचा शर्ट कायम असायचा. गाव आलं की जीपच्या आडोशाला उभं राहून साहेब शर्ट बदलायचे. जीपचा आडोसा एका बाजूनं असतो, गाव चारी बाजूंनी असतं. बनियनवरचे ठाणेदार बघायला बाया दारात यायच्या. घाईत बटणं वरखाली लागायची. मी सांगितलं तर म्हणायचे, “मी लग्नाले आलो काय?” मीही पिशवीत ओढणी आणि कुडता घेऊन फिरायची. कोणाच्या तरी न्हाणीत जाऊन बदलायची, आणि बाहेर येईपर्यंत साहेबांचा जीव वरखाली, “किती वेळ लावते?”

जीपचं दार आपटायचं नाही हाही हुकूम. आमच्या जीपचं मागचं दार आपटल्याशिवाय लागतच नसे. म्हणून गावात शिरताना आणि गाव सोडताना मी ते हातानं धरून बसायची. खड्ड्याखड्ड्यातून. माझा उजवा खांदा आजही थंडीत दुखतो, आणि दुखला की मला साहेब आठवतात.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सकाळच्या फोननं. रात्री ज्या घरी भांडणाला जावं लागलं आणि जिथं शाळेत जाणारं लेकरू होतं, तिथल्या शाळेत दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी फोन करायचा. फोनवर काय झालं ते सांगायचं नाही. फक्त लेकराचं नाव आणि ‘आज जरा सांभाळून घ्या.’

आता गुरुजी लोकांना असा फोन आला तर ते काय करतील?

“कोनती केस हाय मॅडम?”

“ते सांगता येत नाही सर.”

“मंग सांभाळू काय?”

“झोप आली तर झोपू द्या. गृहपाठ नसला तर रागवू नका. एवढंच.”

“पोरानं काही केलं काय?”

“नाही सर. पोरानं काहीच केलं नाही.”

असे फोन रोज. माझ्या घरी गॅसवर भाजी, पोरगी वेणीसाठी ओरडतेय, आणि मी कानाला फोन लावून कुठल्या तरी मास्तरला सांगतेय की मी काहीच सांगू शकत नाही. त्यात एका गावच्या गुरुजींनी कमालच केली. माणूस मनानं चांगला. त्यांनी पाचवीतल्या त्या मुलीला परिपाठात सगळ्यांच्या समोर उभं केलं आणि जाहीर केलं, “काल हिच्या घरी पोलीस आले होते, तर आज सगळ्यांनी हिच्याशी चांगलं वागायचं आहे.” मुलगी दप्तर तिथंच टाकून घरी पळाली.

साहेबांना कळलं तेव्हा ते जेवत होते. डबा तसाच ठेवून उठले. शाळेत गेल्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मैदानात, जिथं परिपाठ होतो तिथं, जाऊन उभे राहिले आणि गुरुजींना म्हणाले, “तुझ्या घरी काल नवरा-बायकोचं काय झालं ते सांग. मी विद्यार्थी. चांगला वागतो तुझ्याशी.” गुरुजींचं तोंड पांढरं पडलं. मग साहेब त्या मुलीच्या घरी गेले आणि अंगणात उभं राहून तिला म्हणाले, “आमच्या फोनमुळे तुम्हाला त्रास झाला. चूक आमची आहे.” मुलगी आईच्या पदरामागं. तिला कळलं की नाही देव जाणे.

गुरुजींनी वर तक्रार केली. पोलीस शाळेत येऊन अपमान करतात म्हणून. ती निस्तरायला कोण गेलं? मी. गुरुजींच्या घरी चहा घेतला, त्यांच्या बायकोच्या हातचे अनारसे खाल्ले, साहेबांच्या वतीनं माफी मागितली. साहेबांना येऊन सांगितलं तर म्हणाले, “माफी कायले मागितली? उद्या त्याले पुन्हा फोन कर.” केला. आणि सांगायला हवं, त्या गुरुजींनी नंतर मला एकदाही ‘कोणती केस’ असं विचारलं नाही.

एकदा तर आरोपीच पळाला. हे सगळ्या जिल्ह्यात गाजलं, आणि हसू आमचं झालं. धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. एका माणसानं बायकोला पट्ट्यानं मारलं होतं. घरात त्याची दोन लेकरं. साहेबांचा हुकूम, लेकरांच्या देखत बापाला बेड्या घालायच्या नाहीत, धरून ओढायचं नाही, घराच्या मागं न्यायचं आणि मग काय ते. तो माणूस शहाणा. “चप्पल घालतो साहेब,” म्हणाला आणि मागच्या दारातून निघाला तो थेट बांध्यांमधे. नुकतं लावलेलं धान, पोटरीपर्यंत चिखल. मी आणि एक हवालदार त्याच्या मागं. माझा एक बूट चिखलात राहिला तो राहिलाच. ज्याची बांधी होती तो वेगळा ओरडतोय. आणि साहेब धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून आम्हाला दबक्या आवाजात काय सांगताहेत?

“ओरडू नका! लेकरं घरात आहेत!”

म्हणजे आरोपीच्या मागं धावायचं, पण मुकाट्यानं. तो दोनेक दिवसांनी बहिणीच्या घरी सापडला. तोपर्यंत वरच्या साहेबांनी आमच्या साहेबांच्या नावानं कारणे दाखवा नोटीस काढलेली. मी त्यांना म्हटलं, “साहेब, बेड्या घातल्या असत्या तं हे झालं नसतं.”

“पळाला तो सापडला ना? लेकरानं बापाले बेड्यांत पाहिलं असतं तं ते पाहिलेलं मी कुठून वापस आणणार होतो?”

असं बोलून ते मोकळे व्हायचे आणि माझा बूट अजून त्या चिखलातच.

मी पुष्कळ दिवस कारण शोधत होते. वाटायचं, याच्या लहानपणी काही झालं असेल, बाप मारत असेल, काही पाहिलं असेल. अशा माणसामागं काहीतरी गोष्ट असतेच असं आपल्याला वाटतं. एकदा जीपमधे धीर करून विचारलं. साहेब म्हणाले, “माझा बाप गरीब मास्तर होता. कोणाले चापट मारली नाही त्यानं.” मग म्हणाले, “अवं, पाय मोडलेल्या माणसाले चाल म्हणत नाही आपण. त्यासाठी आपलाही पाय मोडला असला पाहिजे काय?” आणि जीप थांबवून चहा प्यायला उतरले. चहा पिताना त्यांच्याशी कोणी बोललेलं चालत नसे, म्हणून विषय तिथंच संपला.

आता बोदलकसा तलावाच्या बाजूच्या एका गावातली ती मुलगी.

आठ वर्षांची, तिसरीत होती. भर दुपारी बापानं आईच्या डोक्यात कुऱ्हाडीची उलटी बाजू घातली. सगळं गाव रोवणीला गेलेलं, घरात फक्त ही. बांधीतल्या बायांकडं तीच धावत गेली, पण तोंडातून शब्द निघेना, नुसती एकीचा पदर ओढत राहिली. बायांनी येऊन पाहिलं, आईला गोंदियाच्या दवाखान्यात हलवलं. बाप संध्याकाळी तिरोड्याच्या रेल्वे स्टेशनवर सापडला. म्हणाला, ती माळ्यावरून पडली, मी घरी नव्हतोच. आई बेशुद्ध. कुऱ्हाड धुवून ठेवलेली. म्हणजे जे काही होतं ते या मुलीच्या डोक्यात.

तिला ठाण्यात आणलं तेव्हा तिच्या फ्रॉकला रक्त लागलेलं होतं. ठाण्यातली जुनी सामानाची खोली साहेबांनी रिकामी करून लेकरांसाठी ठेवली होती, दार उघडं ठेवून तिथं तिला बसवलं. मी धावत लाइनीत जाऊन माझ्या मुलीचा फ्रॉक आणला. काढायला गेले तर मुलीनं आपल्या फ्रॉकचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरलं.

“विचारलं काय तू त्यांना?” साहेब दारातून म्हणाले.

“लहान पोरगी हाय साहेब, कायले विचारायचं? रक्त हाय ना!”

साहेब आत येऊन भिंतीला टेकून बसले, तिच्या बाजूला, बऱ्याच अंतरावर. “तुम्हाला कपडे बदलायचे आहेत का?” मुलीनं मान हलवली, नाही. “ठीक आहे,” म्हणाले, आणि बसून राहिले. रक्तानं माखलेलं लेकरू तसंच! मला रडू येत होतं, रागानं. शिवाय तो फ्रॉक पुरावा, तो जप्त करायचा होता.

बाहेर मुलीची आजी, बापाची आई, येऊन बसलेली. “नात माही हाय, मी नेतो तिले. तुमी कायले ठेवून घेता?” तिला नातीला न्यायची घाई का, हे कळायला पोलीस असायची गरज नव्हती. आजच्या रात्रीत ‘माय पडली मनून सांग’ एवढं दहा वेळा कानात घातलं की झालं. म्हणून मी साहेबांना म्हणत होते, आत्ता विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करू, दहा मिनिटांचं काम. वरच्या साहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज मला टेबलाच्या पलीकडं ऐकू येत होता.

“स्टेटमेंट झालं का?”

“नाही सर.”

“का नाही?”

“त्या अजून जेवल्या नाहीत.”

“कोण जेवल्या नाहीत?”

“साक्षीदार, सर.”

पुढचं मी इथं सांगत नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग बाल कल्याण समितीच्या बाईंशी बोलून मुलीच्या मावशीला कामठ्याहून बोलावलं. आजीनं अंगणात लोळण घेतली, शिव्या दिल्या, साहेब तिला म्हणाले, “तू माझ्या नावानं रड, लेकरू मिळणार नाही.” दिवेलागणीला मावशी आली. मावशीला पाहून मुलीनं मुठी सोडल्या. कपडे तिनं स्वतःच बदलले, दार लावून. तो फ्रॉक आम्ही पंचांसमोर जप्त केला. आणि साहेबांनी एक प्रश्न न विचारता मुलीला मावशीबरोबर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामठ्याला. साहेब चौकड्यांच्या शर्टात, सपरीत, म्हणजे पडवीत, खाली बसलेले. म्हणाले, “मी पोलीस आहे. तुमच्या आईला कसे लागले ते मला शोधायचे आहे. तुम्हाला माहीत असेल आणि सांगावेसे वाटले तर सांगा. आज नको असेल तर मी जातो.”

मुलगी खांबाला धरून उभीच राहिली.

“बरं. उद्या येतो,” म्हणाले आणि उठले. खरंच उठले! तिरोडा ते कामठा काय जवळ आहे? मी जीपमधे पुन्हा दार धरून बसले. दुसऱ्या खेपेलाही तेच. त्या दिवशी ती निदान खाली बसली. साहेबांना तेवढ्यानं समाधान. इकडं आरोपीचा वकील म्हणायला मोकळा, की इतके दिवस मावशीकडं ठेवलं, मावशीनं पढवलं. मी हे साहेबांना स्पष्ट सांगितलं. “म्हणेल,” साहेब म्हणाले, “त्याचं पोट हाय त्याच्यावर.”

तिसऱ्या खेपेला आम्ही बसलो आणि मुलीनंच विचारलं. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं.

“माय मेली का?”

मावशीनं साहेबांना हातानं खूण केली, नाही म्हणून. घरात सगळ्यांनी तिला सांगितलं होतं, माय बरी हाय, उद्या येते. रोज उद्या. मीही डोळ्यांनी साहेबांना विनवलं की नका.

साहेब म्हणाले, “नाही. तुमच्या आई जिवंत आहेत. गोंदियाच्या दवाखान्यात आहेत. डोक्याला मोठी जखम आहे. काल डोळे उघडले, पण त्या अजून कोणाला ओळखत नाहीत. पूर्ण बऱ्या होतील की नाही, ते डॉक्टरांना माहीत नाही. मलाही माहीत नाही.”

मावशी उठूनच उभी राहिली. “तुमाले काही कळते का साहेब? लेकराले असं सांगतेत का कोनी?” तिच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. आठ वर्षांच्या जिवाला एवढं सगळं, तेही असं, निवेदन वाचल्यासारखं.

मुलगी रडली नाही. ती साहेबांकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मी पानी पाजलं तिले. तिनं नाई गिरलं. बाहेर सांडलं.”

आणि मग ती बोलायला लागली. सुरुवात वांग्याच्या भाजीपासून. माय भाजी चिरून राहिली होती, मग मांजर आलं, मग बाबा आला. तिच्या ओळीनं, तिच्या वेगानं. मधेच पाच मिनिटं मांजराचं. माझा जीव कुऱ्हाडीकडं लागलेला, साहेब मांजराचं तेवढंच लक्ष देऊन ऐकत होते. एकदाही ‘मग काय झालं’ म्हणाले नाहीत. शेवटी कुऱ्हाड आली. किती वेळा, कुठं, बाप काय म्हणाला, नंतर कुऱ्हाड कुठं धुतली, सगळं आलं.

सांगून झाल्यावर ती खाली बघत म्हणाली, “मी ढोलीमांगं लपली होती.” धान साठवायची ढोली. “मी बाहेर नाई आली. मायनं आवाज देल्ला, तरी नाई आली.”

मावशीनं तिला जवळ ओढलं. मी म्हणणारच होते, नाही गं बाई, तुझी काही चूक नाही. साहेबांनी हात वर केला.

“तुम्ही लपलात ते बरोबर केले,” ते म्हणाले. “बाहेर आला असतात तर तुम्हालाही लागले असते. मग बायांना बोलवायला कोण गेले असते? तुम्ही लपलात म्हणून तुमच्या आईला दवाखान्यात नेता आले.”

मुलगी त्यांच्याकडं बघत विचार करत राहिली. हिशोब बरोबर आहे का ते तपासल्यासारखी. मग मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडायला लागली, मोठ्यानं, आणि साहेब उठून अंगणात गेले. परतताना जीपमधे मी काहीतरी चांगलं बोलणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, “दार नीट धर. वाजून रायलं.”

निकालही सांगून टाकते. वकिलानं तेच केलं जे मी सांगितलं होतं. उशीर का, मुलगी मावशीकडं का, पोलिसांनी आधी काय शिकवलं. साहेब साक्षीला उभे राहिले तेव्हा त्यानं विचारलं, “कायद्यात असं कुठं लिहिलंय की साक्षीदार बोलेल तेव्हाच विचारायचं?” साहेब म्हणाले, “तू लेकराले विचारून पाहय एकदा, मग सांग.” जज मॅडमनी त्यांना समज दिली. मुलीच्या सांगण्यावर कोर्टानं विश्वास ठेवला, बापाला शिक्षा झाली, पण गंभीर दुखापत केल्याची. जीवे मारण्याच्या प्रयत्नाच्या आरोपातून तो सुटला. आई वाचली, उजवा हात नीट चालत नाही, आणि त्या दिवसाचं तिला काहीच आठवत नाही. कोर्टातही तिनं तेच सांगितलं. मला आजही वाटतं, पहिल्याच दिवशी घेतलेलं स्टेटमेंट असतं तर पूर्ण शिक्षा झाली असती. साहेबांना वाटतं, पहिल्या दिवशी घेतलं असतं तर स्टेटमेंटच मिळालं नसतं. यावर आमचं फोनवर अजून भांडण होतं. ते आता रिटायर होऊन अकोल्याला असतात. मी हवालदार झाले, ठाणं बदललं, पण सकाळचे फोन मी करतेच. कोणी सांगत नाही, तरी.

मुलीची साक्ष झाली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. साहेब अकोल्याहून आदल्या रात्रीच्या गाडीनं आलेले, कोर्टाच्या वऱ्हांड्यात बाकावर बसलेले, डोळे लाल, गुडघे दुखताहेत. पडद्यामागून तिनं साक्ष दिली. न अडखळता. बाहेर आली, उंच झालेली, केस कापलेले, मावशीचा हात धरायचं वयही गेलेलं. आमच्या बाकापाशी आली तेव्हा साहेब उठून उभे राहिले. तिनं माझ्याकडं पाहून ओळखीचं हसू दिलं, मी कामठ्याला माहेरी गेले की भेटायची ना. मग साहेबांकडं पाहिलं आणि मला हळूच विचारलं, “हे कोन हायत?”

मी तोंड उघडलं, तोच साहेब म्हणाले, “कोणी नाही. मी दुसऱ्या केसचा साक्षीदार आहे.”

ती मान हलवून मावशीबरोबर पाणी प्यायला गेली. मला इतका संताप आला! तीन वर्षं या माणसासाठी तक्रारी निस्तरल्या, खांदा गेला, आणि ज्या लेकरासाठी हे सगळं, तिला हा माणूस माहीत नको? “मी सांगून येतो तिले,” मी म्हटलं आणि निघाले.

साहेबांनी माझं मनगट धरलं. त्या माणसाला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“खबरदार. विसरल्या त्या. माझा चेहरा आठवला की त्याच्या मागं बाकीचं येते. येऊ देऊ नको.”

“पण साहेब, तिनं आत्ता कोर्टात सगळं सांगितलं ना. ते तं आठवतेच तिले.”

“ते सांगून झालं. बाकीचं राहू दे.”

मावशी आणि मुलगी परत येत होत्या. जिना आमच्या बाकापलीकडं होता, म्हणजे पुन्हा इथूनच जाणार. साहेब गुडघा धरत उठले, भिंतीकडं गेले आणि आमच्याकडं पाठ करून नोटीस बोर्ड वाचायला लागले. बोर्डावर गाड्या कुठं उभ्या करायच्या त्याची एक फाटकी सूचना होती. ती ते वाचत राहिले. मुलगी त्यांच्या मागून गेली, मावशीला शाळेतल्या कुठल्यातरी स्पर्धेचं काही सांगत होती, हातवारे करून. जिन्यावर तिचं हसणं ऐकू आलं, मग खालच्या फाटकापाशी, मग रस्त्याच्या आवाजात ते मिसळून गेलं.

“गेल्या काय?” साहेबांनी भिंतीकडंच बघत विचारलं.

“गेली.”

“नक्की?”

“गेली हो साहेब.”

तरी ते वळले नाहीत. मी बाकावरून त्यांची पिशवी उचलली आणि उभी राहिले.